प्रार्थना फक्त एक मिनिट

२८ जुलै, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात. कोणाला दाखवायचं नाही, विश्रामला तर नाहीच. नवऱ्यांना डायरीत फक्त चुका दिसतात.

काल रेव्हरंड शरत यांनी बोलावलं. चौथ्या रविवारची मराठी उपासना यापुढे मी चालवायची. मी मागितलं नव्हतं. दोन-तीनदा सुचवलं होतं फक्त. अट एकच. नऊला इंग्लिश उपासना सुरू होते, त्याआधी चर्च रिकामं करायचं. आपल्याला दर वेळी उशीर होतो. असंच चाललं तर मराठी उपासना कोणाच्या तरी घरी घ्यावी लागेल, म्हणाले. ते हसत हसत कन्नडमध्ये बोलतात. धमकी होती हे मला घरी आल्यावर कळलं.

घरी! चपलांच्या ढिगाशेजारी देवाची उपासना! मी असेपर्यंत नाही.

उशिराचं कारण एकच. भुजंगराव.

२९ जुलै
भुजंगराव पिढ्यान्‌पिढ्या मैसूरचे. मराठीत निम्मं कन्नड. आजारी-दुःखी माणसांसाठीची मध्यस्थीची प्रार्थना त्यांच्याकडे. कोणी दिली, कोणालाच माहीत नाही. ती प्रार्थना नसते, बातम्या असतात. कोण स्कूटरवरून पडलं, वरुणा गावात त्यांच्या चुलतभावाची म्हैस कशी आहे. परवा विश्रामची शुगर देवाला आणि देवासोबत सगळ्या मंडळीला कळली.

अशाने अर्थपूर्ण उपासना होते का? आमच्या नगरला अशी प्रार्थना कोणी ऐकून घेतली नसती.

निर्णय: मध्यस्थीची प्रार्थना, एक मिनिट. उपासनाक्रमात तसं छापायचं.

आमच्या लेकीचा, अवनीचा फोन नाही. बंगळुरूला काम फार असतं. माझं काही म्हणणं नाही.

१० ऑगस्ट
अग्रहार भागात भुजंगरावांच्या घरी गेले. नर्मदाबाईंनी कॉफी दिली. मी अतिशय सौम्यपणे विषय काढला. विश्रामच्या मते मी दारातूनच सुरू झाले.

भुजंगराव म्हणाले, आयतु, ठीक आहे सिंधूताई, एक मिनिट तर एक मिनिट. नर्मदाबाई आतून म्हणाल्या, यांचं एक मिनिट मी लग्नापासून बघतेय. मग भुजंगरावांनी अवनीची चौकशी केली. संडे स्कूलला तीच त्यांची लाडकी होती. मी म्हटलं, मजेत आहे. रोज बोलणं होतं.

थोडक्यात सांगायचं असेल तर असंच सांगावं लागतं.

२४ ऑगस्ट, रविवार
आजचं सगळं लिहून ठेवतेय. रागाने.

गीतं वेळेत. शास्त्रपाठ वेळेत. मग भुजंगराव उभे राहिले आणि म्हणाले, हे प्रभू, आमच्या सिंधूताईंनी तुझ्यासाठी एक मिनिट काढून ठेवलंय. तुला पुरेल काय ठाऊक नाही. मी बेगा बेगा सांगतो.

बेगा म्हणजे लवकर. लवकर काही झालं नाही. म्हैस आली. नर्मदाबाईंचा गुडघा आला. शेवटी म्हणाले, बंगळुरूच्या त्या लेकराला आईची आठवण दे, आणि आईला थोडं मऊ कर. मंडळीने इतक्या जोरात आमेन म्हटलं की मला कोणाचा आवाज कोणता ते ओळखता आलं.

समारोपाच्या प्रार्थनेत मी उत्तर दिलं. हे प्रभू, तू थोडक्या शब्दांतही ऐकतोस, हे काही वडीलधाऱ्यांना कळू दे. तेही आमेन म्हणाले. मनापासून. त्या माणसाला टोमणासुद्धा लागत नाही.

बाहेर पायऱ्यांवर इंग्लिश क्वायर झगे घालून उभं. रेव्हरंड म्हणाले, सप्टेंबरची शेवटची संधी. हसत.

२५ ऑगस्ट
भुजंगरावांना गीतांची पुस्तकं वाटण्याचं काम. मध्यस्थी मी करणार. मी हरणाऱ्यांतली नाही.

१४ सप्टेंबर
प्रार्थना लिहून झाली. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये बसते. विश्रामला वाचून दाखवली. तो म्हणाला, यात कोणाचं नावच नाही. मी म्हटलं, देवाला नावं माहीत आहेत. तो म्हणाला, मग सांगायचंच कशाला?

त्याला उपासनेतलं काही कळत नाही.

अवनी ईस्टरला आली होती तेव्हा म्हणाली होती, मम्मी, तू घरसुद्धा उपासनाक्रमासारखं चालवतेस, माझं बोलणं कितव्या नंबरला आहे? आणि बिर्याणी न खाता गेली. तेव्हापासून माझ्या मेसेजला फक्त अंगठ्याचं चित्र येतं. मला त्याचं काही नाही. सहज आठवलं.

२८ सप्टेंबर, रविवार, दुपार
आधी हे नोंदवते की दसऱ्याच्या गर्दीमुळे सुरुवातच उशिरा झाली. आणि चर्चचं घड्याळ पुढे आहे. मी कधीपासून सांगतेय.

कागद हातात होता. पहिली ओळ वाचली, आजारी आणि दुःखी अशा सर्वांसाठी. मागच्या बाकावर भुजंगराव पुस्तकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन, डोळे मिटून वाट पाहत होते. नावांची. म्हटलं, एखादं घ्यावं. नर्मदाबाईंचा गुडघा घेतला. मग विश्रामची शुगर, ती सगळ्यांना माहीतच होती. मग अवनी.

पुढचं मला नीट आठवत नाही. विश्राम सांगतो की मी देवाला बिर्याणीबद्दल सांगितलं. ती फ्रीजमध्ये किती दिवस ठेवली होती तेही. अवनी व्हॉट्सॲपवर शेवटची कधी होती ते मी रात्री उघडून बघते, हेही. मग म्हणे मी देवाशी भांडले. तुला सगळ्यांची नावं माहीत आहेत ना, मग तिला माझा नंबर का माहीत नाही?

डोळे उघडले तेव्हा इंग्लिश क्वायर आत येऊन बाकांवर बसलं होतं. एका अनोळखी बाईने रुमाल दिला. आमेन त्यांनीच म्हटलं.

कागद संपूर्ण वाचला असता तर वेळेत झालं असतं. म्हणजे योजनेत दोष नव्हता.

२९ सप्टेंबर
रेव्हरंडांचा फोन. बराच वेळ हसले नाहीत, तेव्हाच कळलं.

उपासना भुजंगरावांच्या घरी. मी तात्पुरती मान्यता दिली आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार
चपलांचा ढीग होता. मी तो रांगेत लावला.

मध्यस्थी पुन्हा भुजंगरावांकडे. मीच दिली. मला कॉफी बघायची होती. म्हणाले, हे प्रभू, गेल्या महिन्यात सिंधूताईंनी सगळं सांगितलंय, आज माझ्याकडे स्वल्पच आहे. गुडघा. शुगर. मग म्हणाले, आणि त्या लेकराला आशीर्वाद दे, दर शनिवारी या म्हाताऱ्याला फोन करते, कालही विचारत होती की मम्मी...

इथे त्यांना ठसका लागला.

मी डोळे गच्च मिटून थांबले. कॉफी उतू गेली, जाऊ दिली. ठसका गेला. ते पाणी प्यायले आणि म्हशीकडे वळले. म्हैस व्यायली आहे. मग एकदम आमेन.

घड्याळ पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांची प्रार्थना वेळेआधी संपली होती.

हे खपवून घेतलं जाणार नाही. भुजंगरावांना वेळ वाढवून देण्यात येत आहे.