मेंढा आधी बदलतात

एडिंबरा, ४ डिसेंबर १९७४

तीर्थस्वरूप दादांच्या पायी जोतिबाचा दंडवत.

माझी प्रकृती ठीक आहे. थंडी फार, पण आईने दिलेलं घोंगडं पुरतं. तिचे गुडघे कसे आहेत?

तुम्ही तिचं बोलणं कळवलंत: "हरणाबाईची कूस उजवंना. तिला म्हायारी धाड, जोतिबाला दुसरी बायकू बघू." वाचल्यापासून ही प्रयोगशाळा मला तुरुंग वाटते. कराराची मुदत सरेपर्यंत सुटका नाही, नाहीतर म्हसवडच्या चावडीवर उभा राहून बोललो असतो.

इथे मी नर मेंढ्यांवर काम करतो. नराचं बीज भरपूर पाण्यात वाहत येतं. पुढच्या बारीक नळ्या त्यातलं बहुतेक पाणी आणि मीठ शोषून घेतात, तेव्हा ते दाट होतं. नळ्या बंद पडल्या की पाणी मागे तुंबतं आणि बीज तयार होणंच थांबतं. डॉक्टरांनी मला तपासलं. माझ्यात हाच दोष आहे, आणि त्यावर उपाय नाही.

आपल्या कळपात मेंढ्या गाभण राहिल्या नाहीत, तर आपले आबा आधी मेंढा बदलायचे. एकाही मेंढीला त्यांनी त्यापायी हाकललं नाही. मग माणसांच्या घरात हा उलटा न्याय कुठून आला?

हे पत्र आईला आणि भावकीला मोठ्याने वाचून दाखवा. हरणाबाई समोर बसलेली असू दे. माझी लाज जाईल म्हणून एकही ओळ गाळू नका. कुणाला घराबाहेर काढल्याशिवाय भागणारच नसेल, तर मला काढा. मी बाहेरच आहे.

तुमचा धाकटा भाऊ,
जोतिबा