लालाचाचांचा भोंगा पिकअपला बसला त्याची हकिकत

गडमुडशिंगी,
ता. १४ मार्च १९७८

प्रिय मित्र करीम यास,

आकारामचा रामराम आणि सलाम, दोन्ही मोजून घ्यावेत. इकडे सर्व खुशाल. आईचे गुडघे दुखतात, पण ते दुखायचे थांबले तरच आम्ही काळजी करू. म्हैस गाभण आहे. तुझ्या अम्मी, म्हणजे आमच्या इमामबी चाची, ठणठणीत आहेत आणि तू वाळलास असं त्यांना इथं चुलीपुढं बसून दिसतं. तुझी, नजीरा वहिनींची आणि तुझ्या क्लॅरोनेटची तब्येत कशी आहे ते सवडीनं कळव.

तुझं पत्र मिळून आज बावीस दिवस झाले. तुमच्या बँडमधला मोठा भोंगा वाजवणारा गडी सोडून गेला, आता सुरांना खालून आधार, म्हणजे बेस, द्यायला कोणी नाही, तेव्हा अब्बांचा भोंगा घरात नुसता खुंटीला लटकलाय तो एसटीच्या टपावर टाकून गडहिंग्लजला पाठवून दे, असं तू लिहिलं होतंस. भोंगा आला नाही म्हणून तू मला मनातल्या मनात काय काय म्हणाला असशील ते मला इथपर्यंत ऐकू येतं. पण भोंगा का आला नाही हे सांगायचं तर आधी माझ्या पिकअपला दम कसा लागला इथून सुरुवात करावी लागेल. तेव्हा पाणी पिऊन बस. (वहिनी चहा करणार असतील तर आताच करायला सांग, मध्ये उठायला सवड मिळणार नाही.)

मी रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन कोल्हापूरला जातो हे तुला माहीत आहे. वाटेत चार गुऱ्हाळं लागतात. गेल्या दिवाळीपासून चारही पेटलेली. चिपाडाची राख, रस्त्याचा फुफाटा, आणि पुढं चाललेल्या ट्रकांचा धूर, हे सगळं आमची गाडी बॉनेटखालच्या तोंडानं आत ओढत होती. संक्रांतीच्या सुमारास तिची अशी दशा झाली, की चढ दिसला की काळा धूर सोडायची आणि थांबायची. एकदा तर मला सायकलवरच्या पोस्टमननं मागं टाकलं. वर थांबून त्यानं चौकशी केली, ते जास्त लागलं.

मग उद्यमनगरात गुंडू मिस्त्रीकडं गेलो. गुंडूचा स्वभाव तुला माहीत नाही. तो गिऱ्हाइकाशी बोलत नाही, गाडीशी बोलतो. त्यानं हवेची गाळणी खोलली आणि तिच्यातून निघालेला ऐवज एका वर्तमानपत्रावर मांडला: राख, उसाचे धागे, साळुंकीचं एक पीस आणि अर्धं एसटीचं तिकीट. (पन्हाळ्याचं. मी गाडी घेऊन पन्हाळ्याला कधी गेलेलो नाही.) नंतर त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी स्टुलावर बसलो. एक लिटर डिझेल जाळायला इंजिन दहा हजार लिटरहून जास्त हवा पितं म्हणे! मी मनात कॅनांचा हिशेब घातला. चाळीस लिटरचे अडीचशे कॅन! मी जन्मभर दिवसाला वीस कॅन वाहून दमलो आणि माझ्याच गाडीच्या पोटात लिटरमागं अडीचशे कॅन हवा मुकाट्यानं जात होती. त्या दिवसापासून बॉनेटला हात लावताना मला जरा अवघडल्यासारखं होतं.

गुंडू म्हणाला, हवा टपाच्या वरनं घ्यायची, तिथं ती स्वच्छ असते. आता ती घ्यायची कशातून हा प्रश्न आला आणि मी निवडीला लागलो. पहिल्यांदा मी स्टेशनजवळच्या एका दुकानातून चकचकीत छत्रीवालं तोंड आणलं. दिसायला असं, की आमच्या गल्लीतल्या बायडाबाईनं त्यात बघून कुंकू लावलं. पण गाडीनं ताशी तीस मैलांचा वेग धरला की ते शीळ घालायचं, आणि रस्त्यानं चाललेल्या बायाबापड्या माझ्याकडं ज्या नजरेनं बघायच्या ती मला सहन होईना. दुसरं मिलिटरीच्या मोडीतलं होतं, धूळ धरायला तेलाची वाटी असलेलं. वाटी म्हणजे लग्नाच्या पंगतीतलं पातेलं. ते बसवल्यावर गाडी डावीकडं कलली आणि सगळे कॅन त्या बाजूला जमा होऊ लागले. तिसरा पाइप गुंडूनं स्वतः पत्रा वळवून केला. तोही कामाचा निघाला नाही, एवढंच इथं लिहितो.

आता लालाचाचांचं, म्हणजे तुझ्या अब्बांचं. अकरा महिन्यांमागं डॉक्टरांनी त्यांना दम्यापायी फुंकायची बंदी केली आणि तू भोंग्याची तोंडी काढून खिशात घालून गडहिंग्लजला नेलीस. बरोबर केलंस. मी असतो तर तेच केलं असतं. त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नाही हे तुला ठाऊक आहे. पण ते दुसऱ्याही कुणाशी बोलत नाहीत, हे चाचींनी तुला कळवलेलं नसणार. वरात गेली की ते उंबऱ्यावर येऊन बसायचे आणि उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हलायची. बाकी सगळा माणूस गप्प. मला ते बघवत नसे, म्हणून मी त्या वेळी म्हशीकडं जात असे.

दर बुधवारी मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेतो. त्या बुधवारी वाटेत गुंडूकडं थांबलो. गुंडू रंगात येऊन सांगत होता, "खरा पाइप कसा पायजे सांगू? तोंड ह्ये एवढं रुंद. मग हळूहळू निमुळता. कुठं कोपरा न्हाय, कुठं जोड न्हाय. हवा आत जाताना तिला कळाय नगं, की आपण आत चाललोय. पर तसला पाइप अख्ख्या उद्यमनगरात कुणी वळून देणार न्हाय." आणि गाडीतून आवाज आला, "माझ्या घरात हाय."

मी वळून बघितलं. चाचाच बोलले होते.

तासाभरात आम्ही भोंगा घेऊन परत आलो. गुंडूनं तो बघितला आणि आधी हात पुसले. करीम, मी या माणसाला बारा वर्षं ओळखतो, जेवणाआधीही त्यानं हात पुसलेले मी पाहिले नव्हते. मग त्यानं भोंग्याच्या तोंडापासून वळणावळणानं आत बोट फिरवत नेलं. शेजारच्या लेथवाल्यांना हाक मारली. सहा-सात माणसं गोल उभी राहिली. ही माणसं कुठल्याही मशीनचा कुठलाही भाग बघून "ह्यात काय, दोन दिवसांत करून देतो" म्हणणारी, पण त्या दिवशी कुणीच तसं म्हणालं नाही. कुणीतरी एवढंच विचारलं, की हे वळवणारा माणूस हयात आहे का. चाचांनी मान हलवून नाही म्हटलं.

पुढचं लिहायला हात धजत नाही. भोंग्याचा बारका भाग आणि बोटांनी दाबायच्या कळा काढून टाकल्याशिवाय तो गाडीला बसत नव्हता, म्हणजे तो कापायला पाहिजे होता. गुंडू म्हणाला, माझ्यानं होणार नाही. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी तेव्हाच ते काढून "चाचा, हा करीमला पाहिजे आहे" असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. चाचांनी खडूनं खूण केली, करवत घेतली आणि स्वतः कापायला बसले. चार वेळा दम लागला, चार वेळा थांबले, पण करवत कुणाला दिली नाही. कळांचा तुकडा त्यांनी गळ्यातल्या रुमालात गुंडाळून मांडीवर घेतला. मी तोंड फिरवून समोरच्या पेट्रोल पंपाकडं बघत बसलो आणि रडलो, ते कुणाला सांगू नकोस.

भोंगा टपावर बसला, तोंड मागच्या बाजूला, म्हणजे पाऊस नको आणि धूळ नको. तोंडाला जाळी, खाली गाळणी. गुंडूनं गाडी चालू केली. करीम, आता नीट वाच. गाडीनं श्वास घेतला आणि तो श्वास सुरात होता! मोठा नाही, जमिनीतून आल्यासारखा, पोटात घुमणारा. पायाखालच्या फरशीला कळला. समोर चहावाल्याच्या बशीतला चहा थरथरला. सगळं उद्यमनगर, जिथं दिवसभर घण आणि लेथ सोडून कुणाला काही ऐकू येत नाही, ते क्षणभर कान देऊन उभं राहिलं.

चाचा पुढं झाले. आमच्या गाडीला डॅशबोर्डवर हातानं ओढायचा अ‍ॅक्सिलरेटर आहे. त्यांनी डावीकडं बसून ती मूठ धरली, बोटभर ओढली आणि सूर चढला. सोडली, उतरला. पुन्हा ओढली. हळूहळू त्यांना सापडत गेलं. गाडी न्यूट्रलला उभी, आणि हा माणूस मूठ ओढत-सोडत वरातीचा ठेका खालच्या सुरात वाजवतोय! सूर मोजून दोन, तिसरा अर्धवट. गुंडूनं हळूच विचारलं, बाकीचे सूर कसे काढणार? चाचा म्हणाले, "बेसवाल्याला दोनच लागत्यात. पर येळंवर लागत्यात." भोंगा वाजत होता आणि त्यांना खोकला नव्हता. त्यांची छाती स्वस्थ होती आणि गाडी त्यांच्या वाटचा श्वास घेत होती. असलं काही मी यापूर्वी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा बघायला मिळेल असंही वाटत नाही.

तेव्हापासून चाचा रोज दुधाच्या खेपेला येतात. डेअरीच्या दारात रांग लागली की वाजवतात. रांग मोडून पुढं घुसणारे आता थांबून ऐकतात, त्यामुळं आमचा नंबर लवकर लागतो. दोन भाकरी खातात, बोलतात, मला गिअर टाकायला चुकलो की शिव्याही देतात. चाचींनी परवा मला साखर घालून दूध दिलं.

तर भोंगा एसटीच्या टपावरून येणार नाही, त्याला आता चार चाकं लागली आहेत. माझ्यावर राग काढायचा तर जरूर काढ, पण पत्रातून काढ, समोर आलास तर मी तुझ्यापुढं टिकायचा नाही. वहिनींना नमस्कार, घरच्या सर्वांना जिथल्या तिथं यथायोग्य.

तुझा,
आकाराम

ता. क. — तुला खोटं लिहून झोप यायची नाही म्हणून हे लिहितो. गुंडूचा पत्र्याचा पाइप उत्तम होता. तो बसवून आठ दिवस झाले होते, धूर पूर्ण थांबला होता आणि त्या बुधवारी आम्ही गुंडूकडं नुसता चहा प्यायला थांबलो होतो. तो खऱ्या पाइपाचं सांगत होता ते फुशारकीत. पण अकरा महिन्यांनी चाचा तीन शब्द बोलले. मी गुंडूकडं बघितलं, गुंडूनं माझ्याकडं बघितलं, आणि मी तोंडावर म्हणालो, की तुझा पाइप बेकार आहे. गुंडू म्हणाला, व्हय, बेकारच हाय. स्वतःच्या कामाला त्यानं असं म्हटलेलं उद्यमनगरात कुणी ऐकलं नसेल. तो पाइप गोठ्यात आहे.

दुसरा ता. क. — तुमच्याकडं येत्या सव्वीस तारखेला मोठी वरात आहे आणि बेस नाही, असं तू लिहिलं होतंस. वरात चौकाचौकात थांबतेच. थांबली की मी गाडी न्यूट्रलला टाकीन, बाकीचं चाचा बघतील. फक्त बोलावणं तुझ्या अक्षरात आलं पाहिजे, माझ्या नाही. ते स्वतः होऊन तुला विचारणार नाहीत, आणि मी हे लिहिलंय हे त्यांना कळता कामा नये.

तिसरा ता. क. — कळलं. पाकीट चिकटवत असतानाच चाचा आले आणि सगळं वाचून दाखव म्हणाले. पहिला ता. क. मी गाळला, दुसरा गाळायचं सुचलं नाही. ऐकून म्हणाले, "ते खोड. मी कुणाच्या दारात मागायला जात न्हाय." मी पेन उचललं. ते दारापर्यंत गेले, चपला घातल्या, तिथंच उभे राहिले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ऱ्हाऊ दे. वरात किती वाजता निघती, तेवढं इचार त्याला."