रिकाम्या गाडीची पाणसळ

३ मार्च
आज पिकअप फाटकाच्या डाव्या खांबाला घासली. त्या वेळी मी ती चालवत होते, हा योगायोग.

बाबांच्या गुडघ्याने क्लच दाबायला नकार दिल्यापासून आमच्या रोपवाटिकेची गाडी कोणी चालवायची, हा घरातला ज्वलंत प्रश्न आहे. काकांचे मत, गाडी विकून टाकावी. बाबांचे मत, महिनाअखेरीस नव्या शाळेच्या आवारात कुंड्या पोचवायच्या आहेत. ती खेप मी नीट नेली, तर गाडी राहील आणि माझ्या हाती राहील. परवाना मला मिळालेला आहेच. लेखी परीक्षेत माझे एकही उत्तर चुकले नव्हते.

काका म्हणाले, “काय पहिला नंबर, एवढा मोठा खांब दिसला नाही होय?” चोख उत्तर सुचले. मात्र ते जिना चढताना सुचले आणि तोवर काका आपल्या घरी गेले होते.

४ मार्च, सकाळी
कारण सापडले. आपली पिकअप पुढून खाली आणि मागून वर आहे. बॉनेटवर बाबांची पाणसळ, म्हणजे पातळी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. अशा वाहनातला चालक बसल्या जागीच मनाने घसरत असतो. दोष माझ्या हातात नसून गाडीच्या उतारात आहे.

उपाय : लेव्हलिंग किट. पुढची बाजू उचलायची, की गाडी समपातळीत. संकल्प : आठवडाभरात किटची निवड, त्यानंतर रोज सराव. सदोष साधनावर सराव करणे म्हणजे चुकीचे पाठांतर होय.

७ मार्च
स्पेसर म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावर बसवायची जाड चकती. सोपी, सुटसुटीत. निर्णय पक्का : स्पेसर.

संध्याकाळी : एका जाणकाराने लिहिले आहे की स्पेसरमुळे गाडी खड्ड्यात दगडासारखी आपटते. निर्णय पक्का : लांब स्प्रिंग.

८ मार्च
लांब स्प्रिंग रद्द. अख्खा शॉकअपच बदलावा, असे आता वाटते. जेवताना आईला तिन्ही पर्यायांचे गुणदोष समजावून सांगितले. तिने विचारले, “भाजी वाढू का?”

११ मार्च
स्पेअर पार्टच्या दुकानात स्वतः गेले. वाक्य वाटेवर तयार केले होते : नमस्कार, मला आपल्याकडील लेव्हलिंग किटविषयी सविस्तर माहिती हवी होती. दुकानदार मान वर न करता म्हणाले, “काय देऊ ताई?” मी म्हणाले, “वायपर.”

वायपर लागतातच.

१२ मार्च
पुन्हा गेले. आता वायपरच्या दोन जोड्या आहेत. यापुढील सर्व व्यवहार लेखीच करावा, हे श्रेयस्कर.

१५ मार्च
पहाटे माप घ्यायला उतरले, तर गाडी जागेवर नाही. आई-बाबा खताची पोती आणायला गेले होते म्हणे. आले ते पोत्यांवाचून. संशोधनात किती हे व्यत्यय!

दुपारी मापाची वेळ साधली, तर हौद्यात कुंड्या भरलेल्या. भार असताना घेतलेले माप अशुद्ध असते. त्यामुळे सगळ्या कुंड्या उतरवायला लावल्या. आई कमरेला हात लावून म्हणाली, “अगं, गाडी कुंड्या न्यायला घेतलीय. शोकेसमध्ये ठेवायला नाही.” शास्त्रशुद्ध कामाला घरातून असाच विरोध होतो.

माप उत्तम मिळाले. शुद्ध.

१८ मार्च
गॅरेजमधल्या मेस्त्रींना फोन केला. ते “बोला” म्हणाले आणि मी फोन ठेवला. मग सविस्तर निरोप लिहून पाठवला. प्रस्तावना, मापे, निष्कर्ष. अखेर निवड स्पेसरचीच केली आहे. मेस्त्रींचे उत्तर आले : पुढून उचलायची ना? आणा.

सराव अद्याप सुरू नाही. किट बसेपर्यंत तसा तो अर्थहीनच.

२३ मार्च
किट बसले! बुडबुडा मधोमध, जणू ध्यानस्थ. मी पाणसळ पुन्हा पुन्हा ठेवून पाहिली.

बाबांनी गुडघा सांभाळत गाडीभोवती फेरी मारली. म्हणाले, “मला तर ती तोंड वर करून बघतेय असं वाटतं. पण तू अभ्यास केलायस म्हणजे बरोबरच असणार.” मी पाणसळ आणखी एकदा ठेवून पाहिली. खात्रीसाठी.

२६ मार्च
आज सराव करणार होते. पण रिव्हर्सवरचे एक प्रकरण वाचायचे राहिले होते आणि सकाळी गाडीही जागेवर नव्हती. आई हल्ली पहाटे उठून कुठे जाते, कोण जाणे. आल्यावर तिचे गाल लाल असतात. थंड हवेचा परिणाम.

२८ मार्च
उद्या खेप. काका मुद्दाम पाहायला येणार आहेत. येवोत. रिव्हर्सचे प्रकरण तोंडपाठ झाले आहे.

२९ मार्च
शाळा भरण्याआधी पोचायचे, म्हणून उजाडण्यापूर्वी कुंड्या भरल्या. प्रत्येक कुंडीसरशी गाडीचा मागचा भाग खाली बसत गेला आणि नाक वर येत गेले. सगळ्या भरून झाल्या, तेव्हा गाडी खुर्चीत रेलून बसलेल्या मामलेदारासारखी दिसू लागली. पाणसळ ठेवण्याचा धीर झाला नाही.

आता कळते की मागची उंची कुंड्यांसाठीच होती.

दिवे लावले. फाटक पाठीमागे, पुढे आवारात मिट्ट काळोख. कुंपणापलीकडच्या इमारतीचा तिसरा मजला मात्र लख्ख उजळला. तिथले एक गृहस्थ डोळे चोळत गॅलरीत आले आणि म्हणाले, “ताई, मला शोधताय का?”

रिव्हर्स टाकला. तोंडपाठ होते ते सगळे आठवले, फक्त डावी-उजवी बाजू आठवली नाही. खांब लागला. तोच. काका खांबाजवळ वाकून ओरखडा निरखू लागले. एवढे वाईट त्यांचे बोलणेही कधी वाटले नव्हते. बाबा खाली बघत होते.

मग आईने दार उघडले. “सरक.”

तिने आधी कुंड्या केबिनच्या बाजूला सरकवून दोरीने आवळल्या, तसे गाडीचे नाक जरा खाली आले. मग खिडकीतून मान बाहेर काढून, एका दमात, खांबाला जराही न लागता गाडी फाटकातून काढली. बाबा शेजारी बसून हळूच “शाबास” म्हणाले. तो शब्द ते तिला रोज पहाटे म्हणत असावेत, इतका तो सरावाचा वाटला. मी हौद्यात, कुंड्या धरून. शाळेपर्यंत एकही फुटली नाही. हे माझे योगदान.

३१ मार्च
किट काढले. गाडी विकायची नाही, असे ठरले. ती आईकडे राहील. काकांनी तिला विचारले, “वहिनी, आता पहिला नंबर कुणाचा?” ती हसली. मीही हसले, जरा उशिरा.

आई म्हणाली, “उद्या पहाटे चल माझ्याबरोबर. खाली बघायचं नाही, वाचायचं नाही, नुसतं चालवायचं.” जाणार आहे. फक्त त्याआधी एक शंका निरसून घ्यावी, म्हणून पाणसळ उभी धरून फाटकाच्या खांबाला लावली. माझी शंका खरी निघाली : खांब चांगलाच वाकडा आहे. धावत जाऊन आईला सांगितले.

ती म्हणाली, “या महिन्यातच झालाय.”