उलट्या फुल्यांचा समुद्र

प्रिय धाकटे,

पार्सल हातात पडल्याबरोबर कात्री शोधायला धावू नकोस. आधी हे पत्र वाच, मग आतलं कापड उघड. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? जाऊबाई, आराम करा, एवढं म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. पत्राचं बरं असतं, ते मध्येच बंद करता येत नाही.

तब्येत म्हणशील तर ठणठणीत आहे. खोकला गेला, आवाज परत आला, आणि तो आल्याची खात्री घरातल्या सगळ्यांना पहिल्याच सकाळी झाली. जिना चढताना अजून मध्ये थांबावं लागतं, पण मी खालच्या बिऱ्हाडाच्या दाराशी थांबते आणि चौकशी करते, म्हणजे दम लागलाय हे कोणाला कळत नाही. तुझे भाऊजी मला रोज सूप करून देतात. मीठ असतं तेव्हा मिरी नसते, मिरी असते तेव्हा मीठ नसतं. पण माणूस आयुष्यात पहिल्यांदा ओट्याशी उभा राहिलाय, नावं ठेवू नयेत. पिते मुकाट्याने.

सगळे येऊन भेटून गेले. आपल्या शिवणाच्या दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांपासून ते समोरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत. तू तेवढी नाहीस. त्या दिवशी सहलीवरून मला तापातच घरी आणलंस, पलंगावर निजवलंस, माझी बॅग उपसून कपडे जागच्या जागी ठेवलेस आणि गेलीस ती गेलीसच. बसने तासाभराची वाट आणि तुला सवड नाही! शेवटी तुझ्या पुतण्याकडून कळलं. त्या होडीत मीच ओढून नेलं त्यांना, आता त्यांना घेऊन कुठे जायचं नावसुद्धा काढणार नाही, असं म्हणालीस म्हणे. त्याला तेवढंच हवं होतं. आता आईने घरातच बसायचं असं जाहीर करून त्याने माझी बॅग माळ्यावर टाकली. मुलगा सांगतोय आणि तू त्याची री ओढतेस. म्हणजे माझं फिरणंही गेलं आणि फिरायची सोबतही गेली.

डॉक्टरीणबाईंना मी मुद्दाम विचारलं, होडीतल्या वाऱ्याने न्यूमोनिया होतो का? त्या म्हणाल्या, वाऱ्याने केस विस्कटतात, न्यूमोनिया जंतूंनी होतो, आणि ताप त्याच संध्याकाळी चढला म्हणजे ते जंतू घरूनच तुमच्याबरोबर सहलीला आले होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, झालं. उगाच सगळी पापं आपल्या डोक्यावर ओढून घ्यायची तुला हौसच आहे.

आता कापडाबद्दल. आठवतं ना, धक्क्यावरच्या दुकानातून मी ते क्रॉस-स्टिचचं पाकीट घेतलं होतं? मॅटीचं कापड, दोऱ्यांच्या लडी, नमुन्यात दीपगृह, खाली समुद्र आणि त्याखाली 'दीपगृह पाहिलं' अशी ओळ. जन्मभर शिवणकाम केलं आणि सुट्टीतही सुईच घेतली म्हणून तू केवढी हसली होतीस. मी त्या संध्याकाळी दीपगृह भरायला बसले. दुसऱ्या दिवशी होडीत बसलो, वारा सुटला, होडीवाल्याने अर्ध्या वाटेतून परत फिरवली, आणि मग ताप. पुढचं मला लॉजचं छत, तो कुरकुरणारा पंखा आणि कपाळावरची तुझी ओली पट्टी एवढंच आठवतं. डोळा उघडला की तू सांगायचीस, आत्ताच फिरून आले, वारा पडला म्हणून होडीने जाऊन दीपगृह चढून आले, वरून काय दिसतं म्हणून सांगू! मला बरं वाटायचं. चला, दोघींतल्या एकीची तरी सहल झाली.

घरी उठून बसायला लागल्यावर मी ते कापड काढलं. बघते तर अर्धा समुद्र भरलेला! मला वाटलं, तापात मीच भरला. तुझ्या भाऊजींना ऐटीत सांगूनही झालं. मग गॅलरीत उन्हात धरलं, तर दीपगृह एका अंगाने चमकतंय आणि समुद्र दुसऱ्या. या कामात कायदा एकच, फुलीतला वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला कलायला हवा. माझा उजवीकडे कलतो. डावीकडे कलणारा हात आपल्या घरात एकच आहे, डावखुरा. दुकानात गठ्ठ्यातली कुठलीही पँट उचलावी आणि तुझी तुरपाई ओळखावी, ती मी. मला फसवायला निघालीस होय ग?

दीपगृह चढलीस म्हणे! त्या खोलीचा उंबरासुद्धा ओलांडला नाहीस तू. एवढा समुद्र काय येता-जाता भरून होतो? माझ्या उशाशी त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून भरलास, आणि मला वाईट वाटू नये म्हणून थापा मारल्यास.

चुकलेला टाका मी ठेवत नाही, हे तुला मी सांगायला नको. उसवायची कात्री हातात घेतलीच होती. पण हात चालेना. रडले ग, चक्क रडले. तुझ्या भाऊजींना वाटलं सूप बिघडलं, त्यांनी पातेलंच ओतून दिलं. मग डोळे पुसले आणि उरलेला समुद्र तुझ्यासारखाच, डावीकडे कलता भरला. मान आखडली, दोनदा सवयीने हात उजवीकडे गेला, तेवढं मात्र उसवलं. आता उन्हात धर आणि तुझं कुठे संपतं, माझं कुठे सुरू होतं ते दाखव बघू.

सगळं पुरं झालंय, फक्त खालची ओळ मोकळी ठेवली आहे. दीपगृह मी पाहिलं नाही, तू तर नाहीच नाही, आणि खोटं मी टाक्यात घालत नाही. डॉक्टरीणबाईंनी थंडी सरली की जा म्हणून सांगितलंय. तुझ्या पुतण्याकडूनच बॅग माळ्यावरून काढून घेतली, तोंड पाडून का होईना, दिली त्याने. तीच खोली सांगून ठेवली आहे, खुर्ची मात्र गादीची द्या म्हटलं. होडीनेच जायचं, शाल मी आणते. सुई कापडातच टोचली आहे, दोरा ओवून. वर पोचलो की ती ओळ तू भरायचीस, डाव्या हाताने, आणि मी शेजारी बसून एकही टाका उसवणार नाही.

बॅग भरायला घे.

तुझीच,
तुझ्याशिवाय कुठेही न जाणारी
जाऊबाई