निजामभाईंचा राजीनामा

१२ एप्रिल २०१६
जिंकले! म्हणजे जवळजवळ.
मुकुंदराव आणि निजामभाई — टँकरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्याचे दोघे भागीदार. दुष्काळात धंदा जोरात, म्हणून मुकुंदरावांना बिडकीनला दुसरी शेड हवी होती, निजामभाईंना नको. कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी निजामभाईंनी फोनवर 'राजीनामा' म्हटलं, असं माझ्या अशिलाचं, मुकुंदरावांचं, म्हणणं. करारात आहेच — एकानं सोडलं तर कारखाना दुसऱ्याचा. निजामभाईंचं लेखी उत्तर: मी काही सोडलेलं नाही.
आज त्यांना पिंजऱ्यात विचारलं, "फोनवर राजीनामा म्हणालात?"
"हौ, बोल्या. अब भी बोलता."
त्यांचे वकील शंतनू, नुकतेच पुण्याहून आलेले, डोक्याला हात लावून बसले.

१३ एप्रिल
काहीतरी खटकतंय. हरणारा माणूस असा बघतो? निजामभाई उत्तर मला देत होते, पण बघत होते मुकुंदरावांकडे — आणि हसून! मुकुंदरावांची मान खाली.
नवरा, मंदार, म्हणतो, "जिंकून हा चेहरा? हरलीस की सांग, मी माहेरी जातो."

१५ एप्रिल
नळ कोरडा. आमच्या गारखेड्यात नवीन बिल्डिंगा रोज, पाणी मात्र लहर लागेल तेव्हा.

१६ एप्रिल
पाणी आलं! सगळी गल्ली बाहेर. शेजारच्या रईसाआपा उशिरा धावत आल्या. "दोनों बहुओं में राजीनामा कराके आई मैं. बात बंद थी दोनों की."
मी विचारलं, "दोघींनी नोकरी सोडली?"
हसून हसून त्यांना ठसका लागला. "अगं वकीलबाई! राजीनामा म्हणजे सुलह! दोघं राजी झाले की राजीनामा. तुमच्या कोर्टातले जुने लोक हेच म्हणायचे की!"
मी नाशिकची. मला हा शब्द एकाच अर्थानं माहीत. शंतनूलाही.
म्हणजे निजामभाई फोनवर समेट मागत होते. आणि त्या दिवशी पिंजऱ्यातूनही — पुन्हा!

१७ एप्रिल
रविवार असून सुट्टी नाही डोक्याला. गप्प बसले तर निकाल आमचा. पण जे तो माणूस बोललाच नाही, त्यावर त्याचा अर्धा कारखाना घ्यायचा? बरं, अशिलाला अंधारात ठेवून समोरच्यांना सांगणं, तेही पाप. आधी मुकुंदराव. ऐकलं नाही तर वकीलपत्र सोडायचं. मुकुंदराव मला आवडतात, हीच पंचाईत. दर तारखेला आधी "ताई, जेवलात का?" आणि मग केस.

१८ एप्रिल
सांगितलं. मुकुंदराव पंख्याकडे बघत म्हणाले,
"ताई, उमर गेली त्याच्यासंगं. मला त्याचा राजीनामा कळंना व्हय? तवाच कळला. त्याला मिटवायचं होतं. मला अजून भांडायचं होतं."
त्यांनी फोन काढून लावला.
"निजाम? कारखान्यावर ये. कोर्टात तुझ्याशी नीट भांडताच येत नाय."