पंचविशीपर्यंत काम चालू राहील

तीर्थरूप दादा यांस,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे फक्त कागदावर.) वर 'यांस' लिहिलं ते रीतीपुरतं, पुढे मी अरेतुरेच करणार आहे, तेव्हा हुरळून जाऊ नकोस. तब्येत कशी आहे? ती दाढ काढलीस, की अजून जिभेनं चाचपत बसला आहेस? वहिनीचा रक्तदाब काय म्हणतो? मागच्या पत्रात तू दाढेवर दीड पान लिहिलं होतंस आणि मी कंबरेवर एक पान लिहून फिट्टंफाट केली होती. आपला पत्रव्यवहार कोणी चाळला तर त्याला वाटेल, एक दाढ आणि एक कंबर एकमेकींना पत्रं लिहिताहेत. या खेपेला मात्र कंबर बाजूला ठेवते, कारण आमच्याकडे काही धड नाही.

तुला माहीतच आहे, मी पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत असते. दर तासाला नमुना घ्यायचा, गढूळपणा बघायचा, क्लोरीन मोजायचं आणि वहीत लिहायचं. राहतोही आवारातच, टाक्यांच्या मागच्या क्वार्टरमध्ये. इथं पाणी निवळायची एक मोठी गोल टाकी आहे आणि तिच्यावर एक लोखंडी पूल. पुलाचं एक टोक टाकीच्या मधोमध बसवलेलं, दुसरं टोक चाकावर. ते चाक टाकीच्या काठावरून गोल फिरतं आणि पूल खालचा गाळ ओढत नेतो. फिरतं म्हणजे काय, एका फेरीला पाऊण तास. गोगलगायीलाही कंटाळा येईल. या पुलाची आजवर कोणाला भीती वाटली नव्हती, आणि तिथंच घात झाला.

आमचे चिरंजीव (पंधरा पूर्ण, आवाज फुटलेला, बुटांचा नंबर दर तीन महिन्यांनी नवा) आणि त्याचा मित्र काडी यांनी या पुलावर एक खेळ काढला. काडी म्हणजे आमच्या फिटरचा मुलगा. अंगानं तसाच, म्हणून ते नाव. दोघं पाळण्यातले मित्र. खेळ असा की चाकाच्या वाटेत पाऊल ठेवायचं आणि जो सगळ्यात उशिरा काढील तो जिंकला. कठड्यावर चारपाच पोरं बघायला बसलेली. आमच्या दिवट्यानं दोनदा पाऊल ठेवलं, दोनदा काढलं, आणि मग काडीला म्हणाला, आता तू, बघू किती दम आहे. काडीनं ठेवलं. त्याच्या बुटाची नाडी काठाच्या पत्र्यात अडकली. बंद करायचं बटण पुलाच्या मधल्या टोकाला. आमचा पळत गेला, बटण दाबलंसुद्धा, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. काडीचं उजवं पाऊल पुढून अर्धं गेलं, दादा. फुटबॉल खेळायचा रे तो.

आता तू विचारशील, पोरं टाकीवर गेली कशी? तिथं तर कुलूपबंद फाटक आहे. आहे ना! फाटक आहे, वहीत कुलूपही आहे. फाटकाला मात्र चार महिने कुलूप नव्हतं. तिन्ही पाळ्यांचे आम्ही लोक दर पाळीला 'फाटक बंद, कुलूप तपासले' असं लिहून खाली सही करत होतो. त्यात माझ्याही सह्या आहेत, चांगल्या वळणदार. आम्हा सगळ्यांचे मेंदू पूर्ण वाढलेले आहेत बरं का. या वाक्याचा अर्थ तुला पुढे कळेल.

दवाखान्यात त्या दिवशी काय झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर फिटरची बायको भिंतीला टेकून खाली बसली होती. आमचा तिच्यासमोर उभा, शर्टाला काडीचं रक्त. आणि मी, त्याची जन्मदाती, सगळ्यांच्या देखत त्याला म्हणाले, "त्याच्या जागी तू असतास तर बरं झालं असतं." फिटरच्या बायकोनंच मला गप्प केलं. तिनं! त्याला एकोणीस दिवस झाले. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. एक वेळ जेवतो, तेही मी उठून गेल्यावर. काडीला भेटायला जात नाही, शाळेत जात नाही, दार लावून बसतो.

आम्ही दोघांनी सुरुवातीला मोठ्या माणसांना जे एकच येतं ते केलं. का केलंस, म्हणून विचारलं. सकाळी विचारलं, जेवताना विचारलं, अंघोळीच्या दाराबाहेरून विचारलं. बापाला त्यानं दर वेळी एकच उत्तर दिलं, माहीत नाही. मला तेवढंही नाही. यांनी तर (तुझे मेहुणे, औषधाच्या दुकानात आयुष्य गेल्यामुळे प्रत्येक गोष्टीला वेष्टनावर कारण छापलेलं असतं अशी त्यांची समजूत) एकदा त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि कारणं क्रमानं लिही म्हणाले. कागद दोन दिवस कोरा राहिला, मग त्यावर मी वाण्याची यादी केली.

शेवटी काडीच्याच डॉक्टरांनी आम्हाला एका बाईंकडे पाठवलं. त्या वाढत्या मुलांच्या मनाच्या डॉक्टर. खोली लहान, खुर्च्या बुटक्या, बाई शांत. मला वाटलं आता पोराला तासतील. त्यांनी त्याला पंधरा मिनिटांत बाहेर बसवलं आणि आम्हाला तासभर धरलं. म्हणाल्या, या वयात मेंदू अर्ध्या बांधकामात असतो. उसळी मारणारा, थरार मागणारा भाग कधीच तयार होऊन कामाला लागलेला असतो. कपाळामागचा, 'थांब, पुढं काय होईल बघ' म्हणणारा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. त्याला पंचविशी उजाडते. शिवाय एकटा असताना हा मुलगा कदाचित चाकाजवळही गेला नसता. चार मित्र बघायला बसले की त्या उसळीला दुप्पट जोर येतो, धोका माहीत असूनही. म्हणून 'माहीत नाही' हे उत्तर उद्धटपणाचं नाही, ते खरं आहे. आणि हो, म्हणाल्या, या वयात साधा चेहराही रागावलेला वाटू शकतो. तेव्हा हे माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला साधा चेहराच नाही." तासाभरात तेवढं एकच वाक्य ते बोलले.

मी विचारलं, मग मोठ्यांनी करायचं तरी काय, पंचविशीपर्यंत दहा वर्षं हातावर हात ठेवून बसायचं? त्या म्हणाल्या, नाही, तोवर तुमचं कपाळ त्याला उसनं द्यायचं. कुलपं तुम्ही लावायची, अंदाज तुम्ही बांधायचा, आणि उलटतपासणी घ्यायची नाही. जवळ बसायचं. या वयात जे रोज घडतं त्याचीच मेंदूत वाट पक्की होते, जे घडत नाही ती वाट बुजते. घरात रोज आरडाओरडा घडला तर तीच वाट पक्की होईल. मग आवाज खाली करून म्हणाल्या, आणि सध्या त्याला एकटं सोडू नका. लक्ष ठेवा. औषधं, धारदार काही, हाताशी नको. दादा, त्यानंतर बाई काय बोलल्या ते मला ऐकूच आलं नाही.

घरी आल्यावर हे बाईंनी दिलेली माहितीपत्रिका लाल पेननं रेघा मारत वाचायला बसले. दोन दिवसांत घरातच पंडित झाले. चहा होण्याआधी जाहीर करायचे, "तो आत्ता उठणार नाही, त्याचं झोपेचं घड्याळ पुढं सरकलेलं आहे." दूध उतू गेलं तरी म्हणायचे, पुढचा भाग अजून तयार नाही. (दूध त्यांनीच ठेवलं होतं. वय वर्षं एकोणपन्नास.) मी दारामागच्या आरशात साधा चेहरा करायचा सराव केला. तो इतका वाईट जमला की शेजारीण विचारून गेली, पोटात दुखतंय का.

आणि मग मी माझी चूक केली. 'लक्ष ठेवा' म्हटल्यावर दुसरी एखादी आई काय करेल मला माहीत नाही. मला लक्ष ठेवायची एकच पद्धत येते. मी केंद्रातली एक कोरी वही आणली. आखीव, तासाचे रकाने, शेवटी 'शेरा'. आणि दर तासाला पोराची नोंद करू लागले. आठ: झोपेत. नऊ: झोपेत, श्वास नियमित. दहा: कूस बदलली. बारा: दार बंद, आत हालचाल आहे. एक: पोळी अर्धी. दोन: 'का केलंस' विचारले, उत्तर नाही. (हो, विचारलं. बाईंनी नको म्हटलेलं असूनही. माझ्या कपाळामागचं सगळं बांधकाम पूर्ण होऊन वीस वर्षं झालीत.) रजा संपल्यावर मी पाळीला गेले की हे नोंद करायचे, परत आले की मी. रीतसर सही करून पोराचा ताबा घ्यायचा-द्यायचा. गढूळ पाणीसुद्धा आम्ही इतक्या मायेनं मोजलं नसेल.

ती वही त्याला सापडली. सापडणारच, टेबलावर उघडी पडलेली. फाडली असती, तोंडावर फेकली असती, तर मला बरं वाटलं असतं. परवा कामावरून आले तर 'का केलंस'च्या सगळ्या ओळींपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात एकच गोष्ट लिहिलेली. "खरंच माहीत नाही. मी रोज शोधतो." सतरा ओळी, सतरा वेळा. मी वही छातीशी धरून स्वयंपाकघरात रडले, आणि मग भाजी करपली म्हणून पुन्हा रडले.

बाईंकडे काल परत गेलो होतो. त्यांनी सहज विचारलं, कुटुंबात आधी असा काही अपघात, लहानपणी, कोणाच्या हातून? मी चटकन नाही म्हटलं. म्हणता म्हणता डावा हात टेबलाखाली घेतला.

बाकी काय लिहू? कागद पुष्कळ उरला आहे, धीर संपला. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मधल्या वयाच्यांना काय लिहितात ते कोणी शिकवलंच नाही. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नकोस, फक्त उत्तर लवकर दे.

तुझी,
धाकटी

ता. क. दाढ काढून टाक. उगाच चाळा.

ता. क. दुसरा. दाढ काढली नसलीस तरी चालेल, पण तू इकडे ये. हेच लिहायला बसले होते आणि चार पानं टाकीभोवती फिरत राहिले. आम्हा दोघांना त्याला समजावता येत नाही, कारण आपल्या हातून दुसऱ्याचं अंग गेल्यावर पुढचा घास कसा खातात हे आम्हाला माहीत नाही. ते माहीत असलेला माझ्या ओळखीचा एकच माणूस आहे. तू सोळा वर्षांचा होतास, बाबांच्या छापखान्यात ट्रेडलचं छपाई मशीन चालवत होतास आणि त्यात माझी दोन बोटं गेली. बाबांनी त्याच आठवड्यात तुला परगावच्या कारखान्यात धाडलं आणि पुढं मरेपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तू कसा जगलास? मी तेहतीस वर्षांत एकदा विचारलं नाही, दाढेचं मात्र दर पत्रात विचारलं.

ता. क. तिसरा, पत्र रात्रभर तसंच ठेवून आज लिहिते, आणि हा वहिनीलाही वाचून दाखव. त्या दिवशी तू मशीन हळूच चालवत होतास. शेजारच्या दोन पोरी खिडकीशी उभ्या होत्या आणि मी त्यांच्या देखत तुला म्हणाले, "भित्रट आहेस, वेग वाढवून दाखव, मी कागद घालते." अकरा वर्षांची होते. तू वाढवलास. आईबाबांनी विचारलं तेव्हा मी नुसती रडले, आणि तूही तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस. घरात सगळ्यांनी तेहतीस वर्षं तुला दोष दिला आणि मी तो देऊ दिला. दादा, मला माफ कर. हे मी आज सकाळी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. माझ्या मुलाला. त्याच्या दाराबाहेर जमिनीवर बसून, बंद दाराला.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. माझ्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामानं तुझं नाव का नाही सांगितलं?" वीस दिवसांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी म्हटलं, ते मीही त्याला कधी विचारलं नाही. तो म्हणाला, "मग मी त्यालाच विचारतो. कधी येतोय तो?"

कधी येतोस?