दादांना दारातच अडवलं

शुक्रवार, अल बर्शा

आज सुभाषदादांना आमच्या बारच्या दारात मीच अडवलं. मला दुबईत आणणारे, पहिली नोकरी लावून देणारे दादा. वहिनी गेल्यापासून फार पितात. परवा शेजारच्या हॉटेलच्या बारमध्ये एकाच्या अंगावर ग्लास फेकला, तिथे त्यांना बंदी झाली. इथल्या सगळ्या बारचं आपसात ठरलंय, एकीकडे बंदी म्हणजे सगळीकडे बंदी. मॅनेजर मी. काय करणार होतो?

इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. स्वतःच केली असेल का इस्त्री?

"दादा, आत नाही सोडता येणार."

"अरे, प्यायला नाही आलो. ज्यूस दे. घरी बोलायला कोणी नाही रे."

मी दार अडवून उभाच राहिलो.

"खलास," म्हणाले, इथल्या अरबीत 'झालं, सोड' म्हणतात तसं, माझी पाठ थोपटली आणि मेट्रोकडे निघाले. मी मागे गेलो नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला हसून वेलकम म्हणालो.